आलं असेल तर एक दाबा

१७ मार्च, सोमवार

चौदा नंबरनं आज फोन उचलला.

चौदा नंबर म्हणजे चाचणीच्या यादीतला बाबांचा मोबाइल. बाबा जानेवारीत गेले. तेव्हापासून त्या ओळीपुढं रोज 'उचलला नाही' येतं आणि मी रोज न बघितल्यासारखं करून पुढच्या ओळीवर जाते. आज तिथं '२' होता. दोन म्हणजे पाणी आलं नाही.

इम्रान शेजारच्या टेबलावरून म्हणाला, 'दीदी, चौदा फेल है.' म्हटलं, बघते. आधी तोंड धुऊन आले.

फोन मायकडं असणार, दुसऱ्या कुणाकडं असणार? दोन महिने झाले, माय माझा फोन घेत नाही. आज माझ्या सिस्टीमचा घेतला.

१९ मार्च, बुधवार

ज्या पाणीखात्यासाठी हे काम चाललंय तिथले साहेब आले होते. परत पहिल्यापासून कीर्तन. व्हॉल्व्ह उघडणारा माणूस मोबाइलवर बटण दाबणार, त्या भागातल्या घरांना फोन जाणार. थोड्या वेळानं दुसरा फोन, 'पाणी आलं का? आलं असेल तर एक दाबा, नसेल तर दोन, काही सांगायचं असेल तर तीन दाबून बोला.' व्हॉल्व्हपासून घरापर्यंत आणि घरापासून परत ऑफिसपर्यंत, सगळं एकत्र नीट चालतं का ते आम्ही तपासतोय. सध्या तालीम, खरं पाणी कुणी सोडत नाही. यादीतल्या लोकांना सांगून ठेवलंय की फोन आला की एक दाबा, विषय संपला.

साहेब म्हणाले, 'फोनमधला आवाज कुणाचा? बरा आहे.' आमच्या सरांनी माझ्याकडं बोट केलं. 'तात्पुरता आहे साहेब. सुरू करताना पुण्याहून चांगला आवाज घेणार.' चांगला म्हणे!

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माय फोन उचलते म्हणजे माझा आवाज ऐकते. तक्ता उघडून बघितलं. बाकीचे सगळे 'नमस्कार'वरच एक दाबून मोकळे. चौदा नंबर शेवटच्या शब्दापर्यंत. काल पण, आज पण.

२१ मार्च, शुक्रवार

बाबा असताना चौदा नंबर कधीच फेल गेला नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत एक दाबून टाकायचे. म्हटलं होतं एकदा, 'बाबा, निदान ऐकून तरी घ्या.' तर म्हणाले, 'लेकीची परीक्षा हाय. मी बाप असून नापास करू व्हय?'

त्यांचं आणि माझं खरं बोलणं मिस्ड कॉलमध्ये चालायचं. शहागंजच्या घरी आठ-आठ दिवसांनी पाणी येतं आणि येतं ते वेळ न सांगता. मी कॉलेजात असो की क्लासमध्ये, बाबांचा एक मिस्ड कॉल आला की समजायचं, आलं पाणी, घरी ये भरायला. उचलायचा नाही, पैसे जातात. लग्न होऊन मी पडेगावला आले तरी त्यांचा मिस्ड कॉल चालूच. मी थोडीच जाणार होते हंडे भरायला! प्रशांत म्हणायचा, 'सासरेबुवांचं पाणी आलं वाटतं.'

नंबर अजून फोनमध्ये 'बाबा' म्हणूनच आहे. काढायला हात होत नाही.

२४ मार्च, सोमवार

परत दोन. सर म्हणाले, 'तो नंबर यादीतून काढ, निकाल बिघडवतोय.' मी 'तपास चालू' असा शेरा मारला. खोटा नाही. तपास चालूच आहे.

संध्याकाळी वहिनीला फोन लावला. ती गच्चीवर जाऊन हळू आवाजात बोलली. 'ताई, सासूबाई फोन आला की शेवटपर्यंत ऐकत्यात. मग मोरीतला नळ उघडून बघत्यात, आन् मग बटन दाबत्यात. ह्यांनी सांगितलं, माय, नुसतं एक दाब. तर म्हणल्या, आलं नाय तर एक कसं दाबू?'

मला हसू आलं आणि ते हसू फार टिकलं नाही. वीस माणसांच्या यादीत नळ उघडून बघणारी एकटी माय. बाकी आम्ही सगळे बाबांसारखे.

विचारलं, फोन माझ्याकडून येतो हे तिला माहीत आहे का? वहिनी म्हणाली, 'आवाज वळखू नाय का येणार ताई? पर तुमचं नाव नाय काढत.'

२८ मार्च, शुक्रवार

मायचं उत्तर दोनदा वाया गेलं. ती नळाकडं जाते तोवर सिस्टीम कंटाळून फोन तोडते. दोष नोंदवला: 'उत्तरासाठी थांबण्याचा वेळ अपुरा. घरातल्या माणसाला नळापर्यंत जाऊन यावं लागतं.' सर म्हणाले, इतकं कोण जातं? पण साहेबांना पटलं. वेळ वाढवून मिळाला.

आता फोन थांबतो. ती येईपर्यंत थांबतो.

२ एप्रिल, बुधवार

झोप नाही नीट. दवाखाना डोळ्यापुढून हलत नाही.

डॉक्टर म्हणाले होते, मेंदूत काही उरलेलं नाही, आता मशीन चालवतंय. काय करायचं ते तुम्ही ठरवा. भाऊ भिंतीला टेकला आणि म्हणाला, 'सुजे, तूच सांग. मला नाय व्हत.' मी सांगितलं. माय बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर डबा घेऊन. बाबांसाठी आणलेला वरणभात. आम्ही बाहेर आलो तेव्हा सगळं झालेलं होतं.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, 'पन्नास वर्सं मी त्यांच्याजवळ. येकदा तरी इचारलं का मला?' त्यानंतर आजपर्यंत माझ्याशी एक शब्द नाही.

भाऊशी बोलते. तोही तिथंच होता! पण तो म्हणे घाबरला होता आणि मी शिकलेली, ठरवणारी. विचारलं असतं तर माय हो म्हणाली असती का? नसती. मग बाबा अजून आठवडाभर नळ्यांमध्ये राहिले असते. मी केलं ते मला आजही चूक वाटत नाही. पण तिच्याजवळ जाऊन बसायचं होतं, ते राहून गेलं.

७ एप्रिल, सोमवार

इम्राननं पकडलं. 'दीदी, ये फोनवाला हिस्सा तो पास हो गया ना? फिर रोज-रोज कायकू चलाते?'

म्हटलं, खात्री. दुपारी त्यानं स्वतःच चालवला आणि म्हणाला, 'चौदा का दो आया. जिंदा है, फिकर नको.'

चौदा नंबर माझ्या माहेरचा हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. कसं कळलं कुणास ठाऊक. यादीत नंबरापुढं नाव असतं, तेवढ्यावरून असेल.

९ एप्रिल, बुधवार

आज एक वेडेपणा केला. ऑफिसच्या सामानाच्या खोलीत बसून नवीन रेकॉर्डिंग केलं. 'माय, मी सुजा. जेवलीस का? बोल ना माझ्याशी.' फक्त चौदा नंबरला जाईल असं लावून ठेवलं. फोन सुटायला पाच मिनिटं होती तेव्हा काढून टाकलं.

भीती वाटली. पाण्याचं विचारते म्हणून ती उचलते. मला रडताना ऐकलं तर तेही बंद होईल.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सुट्टी. पांढरी साडी नेसून शहागंजला गेले, प्रशांत गाडी लावून खालीच थांबला. भाऊनं दार उघडलं. बाबासाहेबांच्या फोटोला हार, खाली बाबांचा फोटो, त्यालाही हार. बाबांना हार बघायची अजून सवय नाही.

माय स्वयंपाकघरात खीर ढवळत होती. मी उंबऱ्याशी उभी राहून 'जयभीम माय' म्हटलं. तिनं गॅस बारीक केला. वहिनीला म्हणाली, 'पाव्हण्यांना पाणी दे.' मी पाहुणी!

तेवढ्यात खिडकीतला बाबांचा फोन वाजला. सुट्टीचं माझ्या लक्षातच नव्हतं, तालमीचा फोन रोज ठरल्या वेळी आपोआप सुटेल असा मीच लावून ठेवलाय. मायनं पदराला हात पुसले, फोन कानाला लावला. त्या फोनचा आवाज मोठा. माझा आवाज मला ऐकू येत होता, बारीक, डब्यातून आल्यासारखा. 'नमस्कार. आपल्या भागात पाणी आलं का?' ती खाली बघून सगळं ऐकत राहिली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी. मग ती माझ्या अंगावरून मोरीत गेली, नळ उघडला, कान दिला. नळातून नुसती हवा. नळ बंद करून परत आली आणि चष्मा वर करून, नीट बघून दोन दाबला.

माझ्याकडं बघितलं नाही. फोन मात्र ओट्यावर नुसता टाकला नाही, पुसून खिडकीत ठेवला.

मी खीर न खाता निघाले. जिन्यात रडू आलं. प्रशांतनं विचारलं, बोलली का? म्हटलं, हो, फोनवर.

२२ एप्रिल, मंगळवार

सर्दी, घसा धरलाय. त्यात साहेबांनी वाक्य बदललं, 'आपल्या भागात'च्या ऐवजी 'आपल्या घरी' हवं. मी म्हटलं, पुण्याचा आवाज येईपर्यंत थांबा. नाही म्हणाले. तशाच घशानं रेकॉर्ड केलं. कावळा बरा.

उन्हाचा कहर. ऑफिसातला कूलर पण पाण्यावाचून कोरडाच फिरतोय. पाण्याची सिस्टीम बनवणाऱ्यांची ही गत.

२५ एप्रिल, शुक्रवार

चौदा नंबरनं तीन दाबलं.

बोललेल्या तक्रारी ऐकून प्रकार लिहायचं काम इम्रानकडं. त्यानं हेडफोन काढला, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाला, 'ये तू सुन. मैं चाय पी के आता.' त्याला चहा आवडत नाही.

आधी नळाची हवा. मग भांडं सरकवल्याचा आवाज. मग माय.

'पाणी आलं नाय.'

परत भांडं सरकलं. मला वाटलं संपलं.

'आन् त्या पोरीला सांगा, आवाज बसलाय तिचा. हळदीचं दूध घे म्हणावं. गार पाणी पिऊ नको म्हणावं. लहानपणापासून घसा असाच हाय तिचा, ऐकत नाय कुणाचं.'

परत थोडी हवा. फोन बंद.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले, सरांच्या देखत. इम्राननं तक्रारीचा प्रकार लिहिला, 'इतर'.

घरी येऊन दूध घेतलं. मग धीर करून भाऊच्या फोनवर लावला, म्हटलं, मायला दे. पलीकडं कुजबुज. भाऊ आला परत. 'ती म्हणती, मला जे बोलायचं ते मी तिकडं बोलले.'

'तिकडं' म्हणजे मशीनशी. मला निरोप मशीननं पोचवायचा.

२९ एप्रिल, मंगळवार

शेवटची तालीम, खऱ्या पाण्यासकट. साहेबांनी शहागंजचा भाग निवडला. मी सुचवला नाही. मनात मात्र होतं.

व्हॉल्व्ह उघडला, बटण दाबलं, फोन सुटले. मग दुसरा फोन, 'आलं का?' मी स्क्रीनपुढून हलले नाही. एक, एक, एक. तेरा, एक. चौदा थांबलेला. माय नळाकडं गेली असणार. मी पण थांबले.

मग चौदापुढं १.

बाबा गेल्यापासून यादी पहिल्यांदाच अख्खी हिरवी. सरांनी पेढे मागवले. साहेब म्हणाले, 'सगळं व्यवस्थित चालतंय, सोमवारी सुरू करू.' इम्राननं माझ्याकडं बघितलं आणि पेढा तसाच हातात धरून बसला.

इतके दिवस हा नंबर पास व्हावा म्हणून मी धडपडत होते असं सगळ्यांना वाटतं.

२ मे, शुक्रवार

सुरू करायच्या आधी चाचणीचं सगळं पुसायचं, नंबर, उत्तरं, रेकॉर्डिंग. नियम आहे. नियम मीच लिहिलाय, कुणाचा आवाज कुणी घरी न्यायचा नाही.

इम्राननं पेनड्राइव्ह पुढं सरकवला. 'मा की आवाज है दीदी. रख ले. किसको क्या पता?' मी नको म्हटलं. तो चिडला, 'तू भी ना, पत्थर है.' मायचंही हेच म्हणणं आहे.

एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकलं, फक्त 'त्या पोरीला सांगा' एवढंच. मग पुसलं. चौदा नंबरची ओळ पुसताना सिस्टीमनं विचारलं, 'नक्की?' हा प्रश्न तिथं मीच टाकायला लावला होता. हो दाबलं.

घरी येताना पडेगावच्या चढावर गाडी बाजूला घेऊन बसले. पेनड्राइव्ह घ्यायला हवा होता. घ्यायला हवा होता.

५ मे, सोमवार

सुरू झालं. पुण्याचा आवाज खरंच चांगला आहे, गुळगुळीत. लोकांनी स्वतः एका नंबरवर मिस्ड कॉल देऊन नाव नोंदवायचं, मगच फोन जातो. आपण होऊन कुणाचा नंबर घालता येत नाही.

भाऊनं स्वतःचा नोंदवला. बाबांचा नोंदवू का म्हणून मायला विचारलं, तर नको म्हणाली. 'ती बाई कोण हाय मला काय माहीत.' वहिनीनं सांगितलं हे.

म्हणजे खिडकीतला फोन आता वाजणार नाही.

९ मे, शुक्रवार

शहागंजला काल पाणी आलं. भाऊच्या नंबरपुढं १ होता. त्यानं नळ उघडून बघितला नसणार.

दिवसातून तीनदा तरी तक्त्यात चौदावी ओळ बघते. तिथं आता कुणा अनोळखी माणसाचा नंबर आहे, एकदम वेळेवर उत्तर देतो.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. विहारात माय दिसली, बायकांच्या रांगेत पुढं, बारीक झालीये. मी मागं बसले. वंदना संपल्यावर गर्दीत शोधलं तोवर वहिनीबरोबर निघून गेली होती.

खिचडीच्या पातेल्याजवळ भाऊ भेटला. म्हणाला, 'सुजे, रोज संध्याकाळी ती फोन हातात घेऊन खिडकीत बसती. मी म्हणलं, कुणाची वाट बघती? तर म्हणती, कुणाची नाय. चार्जिंग बघते.'

म्हटलं, मी येऊ का? तो म्हणाला, 'मला नको इचारू. मागं तू मला इचारलं नव्हतं, मी तुला इचारलं होतं. तिथूनच सगळं बिघडलं.' आणि माझ्या पानात खिचडी वाढली. किती दिवसांनी खरं बोलला. चेहरा बाबांसारखा झालाय त्याचा.

१६ मे, शुक्रवार

दुपारभर साहेबांबरोबर मीटिंग, फोन बॅगेत. बाहेर येऊन बघितलं तर एक मिस्ड कॉल.

'बाबा'.

पायऱ्यांवरच बसले. इम्रान धावत आला, 'क्या हुआ?' मी स्क्रीन दाखवली. तो 'या अल्ला' म्हणून शेजारी बसला. मग त्यालाही उमगलं, मलाही.

दोन तासांपूर्वीचा. एकच. परत लावला, नुसती रिंग जात राहिली. उचललाच नाही. उचलायचा नसतोच तो.

कामाचा तक्ता उघडला. शहागंजचा व्हॉल्व्ह दुपारी उघडल्याची नोंद होती, आणि बंद केल्याचीही. पाणी येऊन गेलेलं. भाऊ कामावर, वहिनी माहेरी. मायनं एकटीनं भरलं असेल. की भरलं नसेल?

चुकून लागला असेल म्हणावं तर ती बटण दाबताना चष्मा वर करून बघते. जिन्यात येऊ देईल का, दार उघडेल का, बोलेल का, काही माहीत नाही. फोन करून विचारायची सोय नाही.

लिहायला बसायच्या आधी प्रशांतला कळवलंय, उशीर होईल. इम्रान गाडी काढून उभा आहे, म्हणतो, सोडतो चल.

पाणी तर कधीच गेलं. जाते तरी.